एफ्फत खानमचा आवाज आणि मी

मी एक जुना आवाजबदल्या आहे. काळ्या पत्र्याचा चपटा डबा, पुढे फिरवायच्या दोन कळा, एक बटण, एक लाल दिवा, मागे वायरी खोचायची भोकं. माणूस आपल्या आवाजात माझ्यात शिरतो आणि परक्याच्या आवाजात बाहेर पडतो, एवढंच माझं काम. मित्रांनो, मी दिसायला देखणा नाही आणि स्वभावाने तर त्याहून नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण मला कोणी खोटारडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि मला तसं एका अख्ख्या देशाच्या टीव्हीवर म्हटलं गेलं आहे.

माझ्या जन्माची काही मोठी गोष्ट नाही. कारखान्याच्या पट्ट्यावरून सरकत आलो. एका बाईने माझ्यात तोंड घालून ‘हॅलो’ म्हटलं, दुसऱ्या टोकाला ते रेड्याच्या आवाजात ऐकलं, खुदकन हसली आणि पास झाल्याची पट्टी चिकटवून मोकळी झाली. तिथून मी लॉस एंजेलिसला वार्तानकडे आलो.

वार्तान मूळचा तेहरानचा आर्मेनियन. तिकडे आर्मेनियन माणसाला सगळे ‘मुसियो’ म्हणतात. देश सुटला तरी ही पदवी काही त्याला सोडून गेली नाही. एका टायरवाल्याच्या पाठीमागे त्याचा खोलीएवढा स्टुडिओ होता. क्रांतीनंतर पळून आलेले गवई तिथे लग्नातली नाचाची गाणी आणि नौरोझच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, कॅसेटी भरायचे. त्यातला एक जाडजूड गवई वरचा सूर आला की हमखास घसरायचा. मी त्याला खालून अलगद उचलून धरायचो. कॅसेट खपली की तो स्वतःच्याच गळ्याचं कौतुक करत सुटायचा, आणि वार्तान त्याच्या नकळत माझ्या पाठीवर थोपटायचा. त्या कॅसेटी सुटकेसच्या तळाशी गंजिफ्रॉकांत गुंडाळून इराणात जायच्या. तिकडे पडदे ओढून लोक त्यांवर नाचायचे. नाचणंसुद्धा चोरून करावं लागतं असा एक देश आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढे कॅसेटी गेल्या, गवई म्हातारे झाले आणि वार्तानने स्टुडिओला कुलूप लावलं. बाकी सगळं त्याने विकलं; मला मात्र बगलेत मारलं आणि रेडिओ बालाखान्यात नोकरीला गेला. बालाखाना म्हणजे माडीवरची खोली, आणि ते रेडिओ केंद्र होतंही माडीवरच. खाली अस्गर आगांचं पिस्ते-बदामांचं दुकान, वर मनिजे खानमचं, म्हणजे मनिजेबाईंचं, राज्य. मनिजे खानम तरुणपणी तेहरानच्या रेडिओवर बातम्या वाचायची. क्रांतीनंतर तिची नोकरी गेली, नंतर देश गेला. आता ती या माडीवरून फारसीत बातम्या द्यायची, आणि त्या उपग्रहावरून थेट इराणातल्या घराघरांत उतरायच्या. सरकार त्यांच्यावर खरखर सोडायचं. लोक गच्चीवरची तबकडी फिरवून फिरवून खरखरीतूनही तिला हुडकायचे.

तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाक मुरडलं.

“मुसियो, हा काय चहाचा डबा आणलाय?”

“खानम, हा हिजाब आहे. आवाजाचा.”

“मग उचला आधी. हिजाबापासून तर पळून आले मी!”

“हा जबरदस्तीचा नाही,” वार्तान म्हणाला. “ज्याला हवा त्याने घालावा, नको त्याने काढून ठेवावा.”

मनिजे खानमने समोरचे कागद बाजूला सारले. मग तिने मला आपल्या टेबलावर जागा करून दिली.

मित्रांनो, इराणातून अशा केंद्राला फोन करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. कोण बोललं हे कळलं की दारात गाडी उभी राहते. म्हणून फोन करणारे माझ्यातून बोलायचे. पगार थकलेला गिरणीकामगार, वर्गातून काढलेली विद्यार्थिनी, नदी आटली म्हणून चिडलेला माळी, सगळ्यांना मी परका गळा द्यायचो. कधी गंमतही व्हायची. तब्रीझच्या एका आजोबांनी आपलंच बोलणं रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी भडकून फोन केला: “खानम, बायको म्हणते हा हुबेहूब तिच्या आईचा आवाज आहे. दोन तास माझ्याकडे बघून रडत होती. दुसरा काहीतरी द्या!” वार्तानने माझी कळ जरा खाली फिरवली आणि आजोबांना पैलवान केलं. त्या घरात मग शांतता नांदली म्हणे.

आता पेजमानची ओळख करून देतो, कारण पुढे सगळं त्याच्याशीच येऊन अडतं. फोन घ्यायचं काम त्याचं. वयाने तिशीतला, लहानाचा मोठा लॉस एंजेलिसमध्ये झालेला, फारसी फर्डी. पण तारोफ काही त्याच्या डोक्यात शिरायचा नाही. तारोफ म्हणजे इराणी माणसाचा जन्मजात शिष्टाचार. पंगतीत पोटात कावळे ओरडत असतानाही आपण जिलबीवाल्यापुढे पानावर हात आडवा धरतो की नाही, तसं. इराणी माणूस दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा खरं बोलतो; आणि देणाराही ते ओळखून तीनदा विचारतो. पेजमान आल्याच्या आठवड्यात खालून पिस्ते घेऊन आला. पैसे काढले तर अस्गर आगा म्हणाले, “राहू द्या हो, दुकान तुमचंच आहे.” याने आभार मानले आणि पिशवी उचलून चालू लागला! अस्गर आगा तसेच आ वासून उभे. त्या गोष्टीवर माडी महिनाभर हसत होती.

पण त्याच्या याच भोळेपणाने पुढे घात केला. अहवाझच्या एका नानवाल्याने, म्हणजे भट्टीवर रोट्या भाजणाऱ्याने, संपाची बातमी सांगायला फोन केला. पेजमानने विचारलं, “तुमचा आवाज बदलू का?” तो म्हणाला, “नको हो, तुम्ही आधीच आमच्यासाठी एवढी तसदी घेता.” पेजमानने ते नको खरं मानलं. माझा लाल दिवा त्या दिवशी लागलाच नाही. नानवाल्याचा आवाज जसाच्या तसा गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला भट्टीवरून उचलून नेलं.

तो बऱ्याच महिन्यांनी सुटला. त्याने निरोप पाठवला, ‘माझी काही तक्रार नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.’ पेजमानने तो निरोप कितीदा वाचला असेल! आता हाही तारोफ होता की खरं, हे कोणाला विचारणार? त्या दिवशी मनिजे खानमने फर्मान काढलं: आवाजाचं तीनदा विचारायचं, तिसरं उत्तर तेच खरं. पेजमान तर त्यानंतर कोणी नको म्हटलं तरी हळूच माझा दिवा लावायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून प्यायला लागला.

मग तो शरद ऋतू आला. इराणात हिजाबावरून धरलेली एक तरुणी पोलिसांच्या ताब्यात मेली, आणि पोरींनी डोक्यावरचे रुमाल रस्त्यात काढले, चौकाचौकांत शेकोट्या करून त्यात टाकले, आणि बापभाऊ त्यांच्या बाजूने उभे राहिले. आमचे फोन सकाळी सुरू व्हायचे, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असायची. मी तापून तापून हात लावू देईना असा झालो होतो. वार्तान मला पुठ्ठ्याने वारा घालायचा. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटायचा.

अशाच एका सकाळी मलायर नावाच्या गावाहून एफ्फत खानमचा फोन आला. बाई रडत नव्हती. एकेक शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा. तिची मुलगी गझाल मैत्रिणींबरोबर चौकात गेली होती, तिथून तिला पांढऱ्या गाडीत घालून नेलं. मैत्रिणींनी डोळ्यांनी पाहिलं. पण आई ज्या ज्या कचेरीत गेली तिथे एकच उत्तर: या नावाची मुलगी आमच्याकडे नाही.

“मुलगी आत आहे म्हणाले असते तर निदान दारात बसले असते, बाळा,” ती पेजमानला म्हणाली. “पण नाहीच म्हणतात. जी नाहीच, तिचं उद्या काही बरंवाईट केलं तर विचारणार कोण?”

मित्रांनो, सगळी मेख इथे होती. गझाल आपल्या ताब्यात आहे हे त्यांच्याकडून एकदा वदवून घ्यायचं होतं. कबूल केलेल्या कैद्याचा हिशेब द्यावा लागतो, नाकारलेल्याचा नाही.

पेजमानने तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा बाई म्हणाली, “बदल. घरात धाकटा मुलगा आहे.” मी तिला सर्दी झालेल्या पुरुषाचा आवाज दिला. बातमी गेली.

दोन दिवसांनी तिकडच्या सरकारी टीव्हीने तोच तुकडा वाजवला. दाढी नीट कातरलेला एक निवेदक हसत हसत म्हणाला, “ऐका ही आई! हा माणूस आहे की यंत्र? असले आवाज लॉस एंजेलिसमध्ये भाड्याचे नट आणि मशिनी मिळून बनवतात. अशी आई नाही आणि अशी मुलगीही नाही.” पुढे त्याने माझ्यासारख्याच एका डब्याचं चित्रही दाखवलं. माझ्याहून चकचकीत होता.

माडीवर सगळे तेच बघत होते. मनिजे खानमने रिमोट भिंतीवर फेकला. मला मात्र आतून नुसता जाळ झाला होता. ज्या माणसांनी लोकांच्या दारात गाड्या उभ्या केल्या, त्यांच्यामुळे मला ही नोकरी करावी लागत होती. आणि वर तेच मला बोट दाखवून लबाड म्हणत होते! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या या अशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एफ्फत खानमचा पुन्हा फोन.

“पाहिलंत ना? माझी सख्खी वहिनी मला विचारते, ‘खरंच का गं, तूच बोललीस?’ आता तो डबा बंद करा. माझा आवाज मला परत द्या.”

पेजमानचं बोट माझ्या बटणावर गेलं. “खानम, आवाज बदलू का?”

“नको.”

“थोडासाच बदलतो. खरंच बदलू ना?”

“नको म्हटलं ना.”

“तिसऱ्यांदा विचारतो...”

“नको!”

नियम पाळून झाला होता. तरी त्याचा हात माझ्या बटणावरून हलेना. तो चौथ्यांदा विचारू लागला तशी बाई कडाडली:

“पोरा, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, पण ऐक! मी तुझ्या चहाला नको म्हणत नाहीये!”

मनिजे खानमने फोन आपल्याकडे ओढला. “एफ्फत खानम, ताई, तुमचा आवाज कोणी ओळखला तर?”

पलीकडे बाई चक्क हसली. “ओळखला तर? अहो, मी वीस वर्षं मलायरच्या बसस्थानकावर गाड्या पुकारतेय. लग्नाला जाणारा, मयताला जाणारा, पलटणीत भरती व्हायला जाणारा, सगळा गाव माझ्याच आवाजावर गाडीत चढलाय. माझ्या घरापेक्षा माझा आवाज जास्त लोकांना ठाऊक आहे. म्हणून तर म्हणते! मला भाड्याची नटी म्हणून दाखवा म्हणावं, मलायरमध्ये उभं राहून.”

“उद्या तुम्हाला उचलतील.”

“उचलू देत की. जी मुलगी नाहीच, तिच्या आईला कुठल्या गुन्ह्यात धरणार? मला हात लावला की मुलगी आहे हे कबूल. नाही लावला तर मी रोज बोलणार.”

“आणि धाकटा?” पेजमानने विचारलं.

“त्याला काल माझ्या बहिणीकडे पोचवला. मी काय विचार न करताच फोन केलाय का तुला?”

मनिजे खानमने डोळे पुसले, पेजमानच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पेजमानजान, त्या नानवाल्याचं नको आपल्याला कळलं नाही. या बाईचं कळतंय, आणि तरी आपण ऐकलं नाही, तर तिच्या तोंडावर हात ठेवणारे आपणच.” मग वार्तानकडे वळून नुसती मान हलवली.

वार्तानने माझी वायर काढली. इतक्या वर्षांत त्याने मला असं कामाच्या मध्येच कधी सोडवलं नव्हतं. एरवी मी चिडलो असतो. लाल दिवा विझला, आणि टेबलावर रिकामा पडून मी पहिल्यांदाच एका माणसाचा आवाज माझ्या बाजूने, मला न शिवता, जाताना ऐकला.

तिने घसा साफ केला आणि गाड्या पुकारते तसंच पुकारलं.

“प्रवाशांनी लक्ष द्यावं. हमदानची गाडी सुटली आहे. अराकची गाडी सुटली आहे. माझी मुलगी गझाल घरून निघाली, ती अजून पोहोचलेली नाही. तिला पांढऱ्या गाडीतून नेलं आहे. नेणाऱ्यांनी तिला कुठे उतरवलं ते सांगावं. मी एफ्फत, तिची आई, बोलते आहे. मलायरकर हो, माझा आवाज तुम्ही ओळखता. प्रवाशांनी लक्ष द्यावं.”

बस, एवढंच. फोन ठेवला. पेजमान टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होता, आणि वार्तान खिडकीबाहेर बघत आर्मेनियन भाषेत कोणाला तरी शिव्या घालत होता.

पुढचं मी फोनवरून ऐकलेलं सांगतो. त्या संध्याकाळी मलायरच्या बसस्थानकात एका ड्रायव्हरने तो आवाज मोबाइलवर लावला. तिकिटाच्या रांगेतली माणसं जागच्या जागी थांबली. एका म्हातारीने बोचकं खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, ही तर आपली एफ्फत!” मग एका बसचा हॉर्न वाजला. मग दुसरीचा, तिसरीचा. सगळ्या गाड्यांनी मिळून असा काही गलका केला की पोलीस आले आणि कोणाला गप्प करावं हेच त्यांना कळेना.

सकाळी बाईला नेलं. ती म्हणालीच होती. आम्हाला ते कळवलं तिकीट खिडकीवरच्या मुलीने. पेजमानने विचारलं, “आवाज बदलू का?” ती म्हणाली, “एफ्फत खानमने बदलला का? माझं नाव मोलूक. लिहून घ्या, मोलूक!” त्याने तरी आणखी दोनदा विचारलं. बरोबरच केलं. तिने तीनदा तेच सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात त्यांना बोलावं लागलं. कागद निघाला: गझाल नावाची आरोपी अमुक कलमाखाली आमच्या ताब्यात आहे. आहे! त्या एका शब्दासाठी आईने स्वतःला पणाला लावलं होतं. बाईला पुढे जामिनावर सोडलं. तिने तुरुंगातल्या भेटीत काचेतून मुलीला पाहिलं आणि घरी जाऊन पहिला फोन माडीवर केला. “बारीक झालीये, पण नाक तसंच वर आहे मेलीचं. नव्या कैद्यांकडून सगळं कळलंय तिला. मला म्हणते, आई, तू एक गाडी पुकारायला विसरलीस, तेहरानची राहिली!” मनिजे खानम हसता हसता रडली. मीही रडलो असतो, पण वायर जोडलेली नव्हती.

गझाल अजून आत आहे. तिला शिक्षा झाली, फार मोठी झाली, आणि ती माफी लिहून द्यायला तयार नाही. आईची नोकरी गेली. स्थानकात आता तिच्या जागी भरून ठेवलेला आवाज वाजतो. गुळगुळीत, कोणाचाच नसलेला. ड्रायव्हर लोक तो लागला की मुद्दाम हॉर्न दाबतात. एफ्फत खानम मात्र दर आठवड्याला रेडिओ बालाखान्यावर बोलते, आपल्या नावाने आणि आपल्या गळ्याने.

माझं म्हणाल तर मी निवृत्त आहे. ज्यांना आवाज झाकायचा असतो त्यांचं काम आता संगणक करतो, माझ्यापेक्षा बरं करतो. मी समोवारशेजारी, म्हणजे चहाचं पाणी उकळायच्या बंबाशेजारी, फळीवर पडलेला असतो. माझ्या पाठीवर चहाचे पेले ठेवतात, त्यांचे गोल डाग पडलेत. अधूनमधून वार्तान येऊन फुंकर मारून धूळ उडवतो. तेवढं पुरे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. डबाच आहे, आज ना उद्या गंजणार. जपायचं असेल तर माणसाचा आवाज जपा. कोणी घाबरून तोंड झाकून बोलला तर त्याला भित्रा म्हणू नका. घरात धाकटं कोणी असेल. आणि कोणी तोंड उघडं टाकून बोलला तर मायेपोटीसुद्धा त्याच्यावर पांघरूण घालायला धावू नका.

राहिला तो टीव्हीवरचा कातरलेल्या दाढीचा माणूस. त्याला माझं जाहीर आमंत्रण आहे. अस्गर आगांचं दुकान कोणीही दाखवेल, जिना डाव्या हाताला आहे. वर ये, मला उलटा कर, स्क्रू काढ आणि आत बघ. चार तारा असतील, थोडी धूळ असेल, एखादं मेलेलं झुरळ असेल. एक वाक्य सापडलं तर दाखव. बाबा रे, मी नुसते गळे बदलले. शब्द सगळे तुझ्या गावातले आहेत.